अंथरूण पाहून टायर

जुन्या मोटारगाड्यांचे मेळावे आपल्या गोव्यात अधूनमधून भरतात. मी शक्यतो चुकवत नाही. एखादी फोक्सवॅगन बीटल, एखादी मॉरिस मायनर, दोनचार फियाट, एखादी भारदस्त मर्सिडीज अशा गाड्या रांगेने उभ्या असतात. बापलोक मुलांना "ही आमच्या आजोबांकडे होती हं" असे सांगत असतात, आणि ते ऐकायलाही मला आवडते. पण गेल्या काही वर्षांत या रांगेत एक गोष्ट डोळ्यांना खुपू लागली आहे. गाडी साठ वर्षांची, पाय मात्र कालपरवाचे! वर गोल गुबगुबीत मडगार्ड, खाली चकचकीत अलॉय रिम, त्यावर हातभर रुंद टायर, आणि तो टायर मडगार्डच्या बाहेर दोन बोटे डोकावणारा. शिवाय मालक मोठ्या कौतुकाने सांगणार, "आधी कितें? गाडी बरी, पूण पांय बारीक!"

बारीक पायांची ही खंत मला समजते. आजच्या साध्या हॅचबॅकलाही १७५ किंवा १८५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. त्यांची सवय झालेल्या डोळ्यांना जुन्या फियाटचे टायर सायकलचे वाटले तर नवल नाही. शिवाय हे करणारी बहुतेक मुले तरुण आहेत आणि ती गाडीवर जीव टाकतात. आजोबांची गाडी भंगारात न घालता ती तिच्यावर पैसे खर्च करतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. त्यामुळे त्यांना झोडपण्यासाठी मी हे लिहीत नाही.

पण माझे मत आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीला चांगले नवे रेडियल टायर घालावेत. मूळ मापापेक्षा एक पायरी रुंद घेतले तरी त्यात पाप नाही, उलट शहाणपण आहे. परंतु स्पेसर लावून, मडगार्ड कापून, दीडपट रुंदीचे टायर कोंबणे हे गाडीच्या तब्येतीला वाईट, आत बसणाऱ्यांना धोक्याचे, आणि आपल्याकडे शिल्लक राहिलेल्या मूठभर जुन्या गाड्यांवर अन्याय करणारे आहे. दिसण्याचा मुद्दा मी शेवटून पहिला ठेवतो, कारण आवड ज्याची त्याची. बाकीचे मुद्दे मात्र आवडीचे नाहीत, हिशेबाचे आहेत.

उदाहरणासाठी मॉरिस मायनर घेऊ. एक तर तिची रचना साधी आहे, आणि दुसरे म्हणजे रुंदीचा तिच्याशी फार जुना संबंध आहे. ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस, ज्याने पुढे १९५९ साली 'मिनी' दिली. मायनर जवळजवळ तयार झाली होती, पण इसिगोनिसला ती अरुंद वाटू लागली. डोळ्यांना प्रमाण पटेना. त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली आणि दोन्ही अर्धे भाग हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवत नेले. चार इंचांवर तो थांबला. आता बरोबर! पण तोवर जुन्या मापाचे बंपर तयार झाले होते. मग तेही मधोमध कापून त्यांत चार इंचांचा तुकडा बसवण्यात आला. सुरुवातीच्या मायनरच्या बंपरवर तो जोड दिसतो आणि बॉनेटच्या मध्यावरून जाणारी उंचावलेली चपटी पट्टी ही त्याच चार इंचांची खूण आहे.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. म्हणजे रुंदी वाढवणे हा काही गुन्हा नव्हे, खुद्द बापानेच ती वाढवली होती! पण त्याने काय वाढवले ते पाहा. त्याने अख्खी गाडी वाढवली. बॉनेट, छत, आसने, आस, दोन चाकांमधले अंतर, सगळे एकत्र. चाके मात्र त्याने त्या काळच्या मानाने लहान ठेवली, फक्त १४ इंचांची, आणि ती गाडीच्या चार कोपऱ्यांकडे सरकवली. मायनर आजही वळणावर जी आज्ञाधारकपणे वळते तिचे श्रेय या मांडणीला आहे, रॅक अँड पिनियन स्टीअरिंगला आहे, पुढच्या टॉर्शन बारला आहे. टायरच्या जाडीला नाही. रुंदी ही एकट्या टायरची गोष्ट नसते. ती सगळ्या गाडीची गोष्ट असते.

आता मापाकडे वळू. मायनर १००० च्या पुढच्या काळातल्या गाड्यांना ५.२०-१४ या मापाचे टायर येत. योगायोग असा की मुंबईत १९६४ पासून बनू लागलेल्या फियाट ११०० डिलाइटचे, म्हणजेच पुढच्या प्रीमियर पद्मिनीचे मापही हेच. म्हणजे गोव्यात ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांतल्या बऱ्याच जणांना हा हिशेब लागू पडेल. ५.२० म्हणजे टायरची रुंदी सव्वापाच इंचांच्या आसपास, अर्थात १३२ मिलिमीटर. १४ म्हणजे रिमचा व्यास. त्या काळच्या क्रॉसप्लाय टायरची उंची जवळजवळ रुंदीइतकीच असे, त्यामुळे पूर्ण चाकाचा व्यास साधारण ६०५ मिलिमीटर होतो.

आज याच्या जागी सहज चालणारे रेडियल माप म्हणजे १५५/८० आर १४. म्हणजे रुंदी १५५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ८० टक्के, १२४ मिलिमीटर. वरची-खालची उंची आणि रिम मिळून व्यास ६०४ मिलिमीटरच्या आसपास येतो. पाहिलेत? चाकाची उंची तीच, स्पीडोमीटर खरे बोलणार, गिअरचे गणित बिघडणार नाही, आणि रुंदी २३ मिलिमीटर वाढली, म्हणजे दोन बोटांपेक्षाही कमी. यालाच मी एक पायरी म्हणतो. मूळची रिम फारच अरुंद असेल तर १४५ चे माप पाहावे किंवा रिमला कोणते टायर चालतात ते टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यात पाहून घ्यावे. एवढे केले तर गाडीच्या वागण्यात जो फरक पडतो तो पहिल्या वळणावरच कळतो. क्रॉसप्लायची गाडी सरळ रस्त्यावरही थोडी थोडी भटकते, स्टीअरिंगला सतत समजावत राहावे लागते. रेडियल घातल्यावर ती सुतासारखी चालते. मिशलाँ कंपनीने १९४६ साली रेडियलचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत साऱ्या जगाने क्रॉसप्लाय मोडीत काढले, ते काही फॅशन म्हणून नव्हे.

आता मेळाव्यात दिसणारे माप पाहू. १९५/६० आर १४. रुंदी १९५ मिलिमीटर, म्हणजे मूळच्या दीडपट. हा टायर मूळ रिमवर बसतच नाही, त्याला निदान साडेपाच-सहा इंच रुंद रिम लागते. म्हणून मॅगव्हील आले. ती रिम आतल्या बाजूला वाढली तर टायर स्टीअरिंगच्या दांड्यांना, स्प्रिंगांना घासणार. म्हणून ती बाहेर काढायची, त्यासाठी स्पेसर आले. बाहेर काढली तर मडगार्डला घासणार. म्हणून मडगार्डची कड आत ठोकायची, तेवढ्याने भागले नाही तर कापायची. एकामागून एक ही मालिका सुरू होते आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीची भरपाई करावी लागते. एवढे करून चाकाचा व्यास उलट कमीच झालेला असतो, ५९० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या गतिरोधकांसाठी जी थोडी उंची होती तीही गेली!

"पण पकड वाढते ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर वाटते तितके सोपे नाही. टायर रस्त्याला टेकतो ती जागा किती मोठी हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, चाकावरचे वजन आणि आतल्या हवेचा दाब. मायनरचे वजन पावणेआठशे किलोच्या घरात. म्हणजे एका चाकावर साधारण १९० किलो. हवा भरायची २२ ते २४ पौंड. ढोबळमानाने भागाकार केला तर एका चाकाखाली १२० चौरस सेंटिमीटर जागा येते, बोटे पसरलेल्या हाताच्या पंजाएवढी. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर ही जागा फारशी वाढत नाही. ती फक्त आकार बदलते, लांबट होती ती आडवी होते. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर वेगाने वळण घेताना या आडव्या पट्ट्याचा फायदा होतो, हे मान्य. शर्यतीच्या गाड्या त्यासाठीच रुंद टायर घालतात. पण त्यांचे सस्पेन्शन चाकाला रस्त्यावर सपाट ठेवेल असे बनवलेले असते. आपली जुनी गाडी वळणावर मनसोक्त कलते, आणि तिच्याबरोबर चाकही कलते. अरुंद, गोलसर टायर हा कल पोटात घेतो. रुंद आणि चपटा टायर कललेल्या टेबलासारखा एका कडेवर उभा राहतो. मग दीडपट रबराचे पैसे मोजून अर्धेच रबर वापरात!

आणि आपण राहतो कुठे? वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या प्रदेशात. जून ते सप्टेंबर आपल्या रस्त्यांवर पाणी उभे असते. टायरला रस्ता गाठण्यासाठी समोरचे पाणी बाजूला सारावे लागते. अरुंद टायर नांगराच्या फाळासारखा पाणी कापत जातो. रुंद टायरला दीडपट पाणी ढकलायचे असते, आणि हलक्या गाडीचे वजन त्या कामाला कमी पडते. मग चाक पाण्यावर तरंगू लागते आणि स्टीअरिंग हातात असूनही नसल्यासारखे होते. होडी रुंद केली की ती अधिक तरंगते हे नदीकाठच्या माणसाला सांगायला हवे का? जड आधुनिक गाडीत हा धोका असतोच, पण तिच्याकडे एबीएस वगैरे मदतनीस असतात. जुन्या गाडीकडे आपले दोन पाय आणि देवाचे नाव, एवढेच.

याहूनही मोठा मुद्दा लोखंडाचा आहे. चाक मूळ जागेपासून दोन इंच बाहेर आले की चाकावरचे वजन बेअरिंगला लांब दांड्याच्या टोकाकडून दाबू लागते. विहिरीवरच्या लाटेचा अनुभव असलेल्या आमच्या वाडवडिलांना हे न शिकता कळत होते. बेअरिंग लवकर आवाज करू लागते. स्टीअरिंग जड होते, पॉवर स्टीअरिंग तर नाहीच, त्यामुळे मडगावच्या बाजारात गाडी पार्क करणे म्हणजे व्यायामशाळा होते. खड्ड्यात एक चाक गेले की स्टीअरिंग हाताला हिसका मारते. मायनरच्या बाबतीत तर एक जुने दुखणे आहे. तिच्या पुढच्या सस्पेन्शनमधल्या खालच्या ट्रनियनला आटे असतात. ते नियमित ग्रीसवर जगतात. ग्रीस चुकले तर आटे झिजतात, आणि झिजलेला सांधा एक दिवस सुटतो, पुढचे चाक मडगार्डखाली मुडपून गाडी गुडघ्यावर बसते. मायनर पाळणाऱ्या जगभरच्या लोकांना हे ठाऊक आहे. अशा सांध्यावर जास्तीचा ताण द्यायचा तो कशासाठी? तर मेळाव्यात गाडी 'दणकट' दिसावी म्हणून!

बीटलची तऱ्हा आणखी वेगळी. जुन्या बीटलचे मागचे आस मधल्या सांध्यापासून पंखासारखे वरखाली हलतात. जोरात वळताना मागचा भाग उचलला गेला की बाहेरचे चाक आत मुडपू पाहते. अरुंद टायर अशा वेळी थोडा घसरून सुटका करून घेतो. चिकट रुंद टायर घसरत नाही, आणि तो न घसरल्यामुळेच गाडी अधिक उचलली जाते. म्हणजे वाढलेली पकडच इथे वैरीण ठरते.

आणि ब्रेक? रुंद टायर लावणारे बरेच जण सांगतात की आता गाडी चटकन थांबते. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाटात, म्हणजे चोर्ला किंवा अनमोड उतरताना, ड्रम तापतात आणि ब्रेक हळूहळू 'मऊ' होत जातो. तिथे टायर कितीही रुंद असला तरी ड्रममधली उष्णता कमी होत नाही. रिम आणि टायर दोन्ही जड घेतले असतील तर थांबवायचे ओझे उलट वाढलेलेच असते. तेवढ्याच पैशांत ब्रेकचे सिलिंडर, होज, लायनर नवे करून घेतले तर घरच्यांना गाडीत बसवताना मनात धाकधूक राहणार नाही. पण नव्या लायनरचा फोटो काढून कोणी दाखवत नाही, ही खरी अडचण!

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कारखान्यांनी स्वतः आपल्या गाड्यांची चाके रुंद केली नाहीत काय? केली. पोर्शे ९११ घ्या. १९६४ साली ती साडेचार इंचांच्या रिमवर आली. पुढे साडेपाच झाली, मग सहा. १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ ला मागे सात इंचांची रिम होती. पण हे होत असताना १९६९ च्या मॉडेलसाठी त्यांनी पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ५७ मिलिमीटर वाढवले, आणि आरएसच्या मागच्या मडगार्डांचा पत्राच नवीन, फुगीर आकाराचा केला. दरवर्षी थोडे थोडे, चाचण्या घेत. इसिगोनिसची चार इंचांची गोष्ट इथे पुन्हा आठवते. जे लोक हे काम जाणतात ते टायर रुंद करत नाहीत, ते गाडी रुंद करतात. एका रविवारी दुपारी स्पेसर ठोकून जे होते ते वेगळे.

माझ्या एका परिचिताच्या फियाटचे असेच झाले. कुठल्या गॅरेजात ते सांगण्यात अर्थ नाही, कारण हे कुठेही होऊ शकते. टायर घासतो म्हणून मागच्या मडगार्डची कड ग्राइंडरने कापून काढली. अशा गाड्यांत त्या कडेला आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे एकत्र जोडलेले असतात. कड गेली आणि दोन पत्र्यांमध्ये फट राहिली. वरून रंगाचा हात फिरवला, गाडी छान दिसली, फोटो निघाले. दोन पावसाळे गेले. समुद्रावरून येणारा खारा वारा आणि चाकाने उडवलेला लाल चिखल त्या फटीत बसला आणि आतून गंज धरला. आज ती कमान बोटाने दाबली तर आत जाते. नवा पत्रा कुठून आणणार? आता ते टायर विकून टाकायला तयार आहेत, पण कापलेला पत्रा काही परत येत नाही.

इथेच माझ्या मते सगळ्या वादाची गुरुकिल्ली आहे. जो बदल चार नट सोडून परत फिरवता येतो तो करायला हरकत नाही. जो फिरवता येत नाही तो करण्याआधी दहा वेळा विचार करावा. हे माझे पदरचे तत्त्व नव्हे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा रोख हाच आहे. ऐतिहासिक इमारती जपण्यासाठी १९६४ साली जी व्हेनिस सनद झाली तिच्यावरून हे विचार मोटारींकडे आले. जुनी गाडी वापरू नये असे ही सनद म्हणत नाही, वापरात राहिली तरच ती जिवंत राहते हे तिला मान्य आहे. फक्त बदल करताना हात राखून करा, काय केले त्याची नोंद ठेवा आणि मूळ वस्तू फेकू नका, एवढाच तिचा आग्रह.

आपल्या गोव्यात हे दुःख मोटारीपुरते नाही. शिंपल्यांच्या खिडक्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवल्या, चिऱ्याच्या पायऱ्यांवर ग्रॅनाइट चढवला, हे आपण पाहतोच आहोत. प्रत्येक वेळी कारण एकच, जुने 'बारीक' दिसते. मोटारीचे एक बरे असते, तिची मूळ चाके माळ्यावर चढवून ठेवता येतात. घराच्या खिडक्या ठेवायलाही कोणाकडे जागा नसते.

आणि गोव्यातल्या या गाड्या म्हणजे नुसता लोखंडाचा साठा नव्हे. १९५० च्या दशकात खनिजाचा पैसा येऊ लागला आणि मुरगांव बंदरातून युरोपातल्या गाड्या उतरल्या. सीमेपलीकडे भारतात मोजक्याच बनावटीच्या गाड्या रस्त्यावर असताना आपल्याकडे मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होती. डिसेंबर १९६१ नंतर ते दार बंद झाले आणि हळूहळू फियाट व अ‍ॅम्बॅसेडरचे दिवस आले. म्हणजे कुणाच्या दारात कुठली गाडी उभी आहे यावरून गोव्याच्या इतिहासाचे एक पान वाचता येते. त्या पानावर आपली आवड शाईने लिहायची की पेन्सिलीने, एवढाच प्रश्न आहे. आणि फियाटला कोणी 'साधी' समजू नये. मुंबईच्या रस्त्यांवर एके काळी हजारोंनी धावणाऱ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. काल जी गल्लोगल्ली होती ती आज शोधावी लागते.

कायद्याचेही थोडे सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत नसते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमावर नेमके बोट ठेवले आहे. त्यापुढे २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात असेल, तिच्या चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास नोंदणी मिळू शकते. पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षांची. आता मडगार्ड कापलेली गाडी घेऊन समितीपुढे उभे राहिलात, तर 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांचा अर्थ तुम्हाला तिथे समजावून घ्यावा लागेल! निव्वळ टायर एक पायरी रुंद असल्याने कोणाचे अडेल असे मला वाटत नाही. पत्रा कापल्याने मात्र अडू शकते.

मग करावे काय? ज्यांना खरोखरच गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी माझा सल्ला थोडक्यात असा.

पहिले म्हणजे टायरचे वय पाहा. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. ३२१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी तशीच राहते आणि रबर मात्र दगड होते. नक्षी पाहून फसू नका, दहा वर्षांचा टायर कितीही नवा दिसला तरी काढा. स्टेपनीचेही वय पाहा, तिला सगळे विसरतात.

दुसरे, पाचही टायर एकाच जातीचे घ्या. एका आसावर क्रॉसप्लाय आणि रेडियल अशी खिचडी कधीही करू नका. तिसरे, मूळ व्यासाच्या जवळ राहणारे माप निवडा, आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, मागे चार माणसे बसवून, कुठे घासते का ते पाहा. रिकामी गाडी उभी करून पाहिले तर काही कळत नाही. चौथे, स्पेसर नको. पाचवे, आधी ब्रेक, बेअरिंग, ट्रनियन, स्टीअरिंगचे सांधे, आणि मग टायर. सहावे, मूळ रिम विकू नका. मॅगव्हील देणारा "जुन्या डिस्क देऊन टाक, शंभर-दोनशे कमी करतो" म्हणतो. नाही म्हणा. तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

आणि एवढे करूनही ज्याला रुंद चाकांची हौस आहेच, त्याने मूळ पत्र्याला हात न लावता जेवढे मावते तेवढे घालावे. हौसेला मोल नाही म्हणतात, पण मापही नाही असे कोणी म्हटलेले नाही.

राहता राहिला दिसण्याचा प्रश्न, जो मी मागे ठेवला होता. मला स्वतःला जुन्या गाडीचे बारीक पाय सुंदर वाटतात. वरची गोलाई आणि खालचा हलकेपणा यांत एक तोल आहे, नऊवारीतली ठेंगणी आजी लगबगीने देवळात निघाल्यासारखा. तिच्या पायांत स्पोर्ट्स शूज घातले तर ती चालेलही, कदाचित बरी चालेल. पण ते शूज तिच्या पायांच्या मापाचे हवेत. नातवाच्या मापाचे घातलेत तर ती पहिल्या पायरीवरच अडखळेल, आणि तेव्हा ते शूज किती महागाचे होते हे विचारायला कोणी थांबणार नाही.